मुंबईतली साधी माणसं तुम्हाला कशी भेटली?

नवखी
मूळची परभणीची, तीन वर्षं झाली कांजूरमार्गला राहतेय, एकोणिसाव्या मजल्यावर. ऑफिस बीकेसीला. कॅब दारातून नेते, दारात सोडते. भाजी, दूध, औषधं फोनवर मागवली की येतात. त्यामुळे या शहरात मी अजून कुणाला भेटलेलेच नाही असं वाटायला लागलंय. ऑफिसातले लोक आहेत, पण ते सगळे माझ्यासारखेच बाहेरून आलेले आणि माझ्यासारखेच वर राहणारे.

गेल्या महिन्यातली एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. आमच्या मजल्यावरचा कचरा न्यायला एक बाई येतात, सकाळी साडेसहाला. बेल वाजवत नाहीत, बाहेर ठेवलेला डबा रिकामा करतात आणि उपडा घालून जातात म्हणजे आत पाणी राहत नाही. एके दिवशी डबा सुलटा दिसला. दुसऱ्या दिवशीपण सुलटा. म्हणजे दुसरं कोणीतरी येत होतं. असे आठ दिवस गेले. बाई आजारी आहेत, काम सुटलं, की अजून काही, विचारायचं तर विचारू कुणाला आणि काय म्हणून, मला त्यांचं नावच माहीत नाही. तीन वर्षं त्या माझ्या दाराशी येतायत!

परभणीला आमच्या गल्लीत बोहारीण आली की आजी आधी तिला पाणी द्यायची, मग तिच्या सुनेचं विचारायची आणि मग जुने कपडे काढायची. हे मला इथे का जमत नाही? मुंबईत जन्मलेल्या किंवा बरीच वर्षं राहिलेल्या लोकांना विचारायचंय, तुम्हाला या शहरातली साधी, कष्ट करून खाणारी माणसं कशी भेटली? सल्ला नकोय, झालेलं सांगा.

तिसरा मजला
आधी शेजारचा फ्लॅट तरी ओळखीचा आहे का? तिथून सुरुवात कर. कोथिंबीर मागायला जा.

सव्वासातची लोकल
नवखी, तुझी कॅब हेच कारण आहे बघ. मी डोंबिवलीची, एकवीस वर्षं लेडीज डब्यात आहे. लोकलमधे ओळख करून घ्यावी लागत नाही, ती आपोआप अंगावर येते. पहिल्या दिवशी "कुठे उतरणार?" हा एकच प्रश्न असतो, कारण तुझी सीट तिला हवी असते. आठवडाभराने ती तुझं स्टेशन पाठ करते. महिनाभराने तू दिसली नाहीस की दुसऱ्या दिवशी विचारते, काल कुठे होतीस गं. बस्स, झाली ओळख.

आमच्या बाकावर एक बँकेतल्या आहेत, एक मंत्रालयात शिपाई, एक नर्स आणि एक दादरला फुलांच्या मार्केटमधून गजरे आणून विकणारी. ही गजरेवाली आमच्यात सगळ्यात मोठी, तिचं सगळ्या ऐकतात. मटार स्वस्त झाले की पिशव्या उघडतात, मुलुंड येईपर्यंत अर्धा किलो सोलून होतात आणि ज्याची त्याची पिशवी बरोबर ज्याच्या त्याच्या हातात जाते. संक्रांतीला हळदीकुंकू डब्यातच होतं, वाण वगैरे सगळं. नर्सबाईंच्या नवऱ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा पैसे सर्वात आधी गजरेवालीने काढले. तिच्या घरी मी कधी गेलेली नाही आणि तीपण माझ्याकडे आलेली नाही, पण तिच्या मुलीच्या बारावीच्या मार्कांची वाट मी माझ्या मुलाच्या निकालासारखी बघितली होती.

पश्चिमेची
+१ लोकलला. आमच्याकडे वेस्टर्नला तर १९९२ साली चर्चगेट-बोरिवली अख्खी लेडीज स्पेशल सुरू झाली, ५ मे ला. माझी आई पहिल्या वर्षापासून त्या गाडीत. तिच्या साठीला घरात केक कापायला आलेल्या बारापैकी नऊ बायका गाडीतल्या होत्या.

टाळकरी
पुरुषांचंही लिहा की कोणीतरी. भजनी डबा! टाळ, एखादी ढोलकी, बाजूचे लोक ठेका धरतात. आमच्यात वर्कशॉपमधले फिटर आहेत, वकील आहेत, केळीवाले आहेत. दसऱ्याला डबा सजवून पूजा करतो. ज्याला चाल येते तो मोठा, बाकी हुद्दा दारात ठेवून यायचा.

गिरणगावकर
माझे वडील लालबागला गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, त्यामुळे मी थोडं मागचं सांगतो. कोकणातून आलेल्या माणसाला मुंबईत पहिला पत्ता असायचा गावाच्या खोलीचा. दहा बाय बाराची खोली आणि राहणारी माणसं वीस-बावीस. हे शक्य कसं व्हायचं तर पाळ्यांमुळे. पहिल्या पाळीचे उठून गेले की तिसऱ्या पाळीचे त्याच जागेवर येऊन झोपायचे. प्रत्येकाची एक ट्रंक, भिंतीला एक खुंटी आणि एक वळकटी. वडील सांगायचे की काही जणांचा चेहरा आठवडाभर दिसायचा नाही पण वळकटीच्या घडीवरून कळायचं कोण येऊन गेला आणि त्याचं बरं आहे की नाही. नवखी, तुमचा तो उपडा डबा वाचला आणि मला ती वळकटी आठवली.

जेवण खाणावळीत. खाणावळ म्हणजे हॉटेल नव्हे हं, चाळीतली एखादी बाई, बहुतेक वेळा गिरणीत काम करणाऱ्याचीच बायको, पंधरा-वीस जणांचं दोन वेळचं जेवण रांधायची, पैसे पगार झाला की. उधारीवर धान्य भरायचं आणि सावकार उरावर. अशाच बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मधे अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर. वडिलांच्या खाणावळवाल्या काकूंनी पहिले पाच महिने एकालाही ताट बंद केलं नाही. भात कमी झाला, भाजीत पाणी वाढलं, पण ताट होतं. नंतर त्यांच्याकडेच काही उरलं नाही. वडील गावी परतले आणि त्यांचं देणं १९८९ साली काजू विकून फेडलं. काकूंना ते पैसे घ्यायचे नव्हते, आई आणि त्यांची त्यावरून चांगली वादावादी झाली. आता त्या गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आहेत, पण लालबागला गेलो की मी अजून काकूंच्या मुलाकडेच चहा घेतो.

कढीपत्ता
गिरणगावकर, फार सुंदर लिहिलंत. आमच्या गोव्याकडच्या लोकांची अशीच व्यवस्था होती, तिला कूड म्हणतात. धोबीतलावला जेर महाल नावाची जुनी इमारत आहे तिथे अजून काही आहेत. प्रत्येक गावाची वेगळी कूड. बोटीवर काम करणारे लोक बोट मिळेपर्यंत तिथे राहायचे, भिंतीला पेट्या लावलेल्या आणि एका टोकाला वेदी. संध्याकाळच्या तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, सगळ्यांनी हजर राहायचं. माझा फोंड्याचा शाळासोबती, त्याचे वडील बोटीवर कुक होते, ते म्हणायचे की तेर्साला जो आला नाही त्याला शोधायला कोणीतरी जायचंच, धर्मासाठी म्हणा की काळजीसाठी म्हणा.

मीटर डाऊन
सगळ्यांचं वाचलं, चांगलं आहे, पण मला एक बोलायचंय आणि ते थोडं कडू लागेल.

माझे वडील बावीस वर्षं वॉचमन होते, अंधेरीच्या एका सोसायटीत, बारा तासांची ड्यूटी. त्यांना गाव विचारणारे शेकड्याने भेटले. काका गाव कुठलं, पाऊस झाला का, मुलं काय करतात. वडील दर वेळी उठून उभे राहून उत्तर द्यायचे. कारण विचारणारा मेंबर असायचा आणि बसून उत्तर दिलं तर सेक्रेटरीकडे तक्रार जाऊ शकत होती. ज्याला नाही म्हणता येत नाही, उठून जाता येत नाही, त्याला प्रश्न विचारून तुम्ही ओळख करून घेतली असं तुम्हाला वाटतं, त्याच्यासाठी ती ड्यूटीच असते.

बावीस वर्षांत दुसऱ्या मजल्यावरच्या एक आजी अशा होत्या की खाली आल्या की आधी म्हणायच्या, "बसा हो, मी पण बसते." आणि बाजूच्या कट्ट्यावर बसायच्या. प्रश्न फारसे विचारायच्याच नाहीत, स्वतःचंच सांगायच्या. सून, गुडघे, रेडिओवर काय लागलं होतं. वडील रिटायर होऊन गावी गेले तरी त्या आजींचं नाव घरात निघायचं. बाकी त्या बिल्डिंगमधल्या एकाचंही नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

नवखी, राग मानू नका. तुम्ही चांगल्या मनानेच विचारताय हे कळतंय.

नवखी
राग कसला. दोनदा वाचलं. मी आमच्या गेटवरच्या काकांना नेमकं हेच विचारत असते, गाव कुठलं, पाऊस झाला का. ते उभे राहतात हे मला आत्ता आठवतंय.

आठवडी बाजार
मीटर डाऊनला पूर्ण अनुमोदन आणि एक भर. "गाव कुठलं" नंतरचा प्रश्न असतो "आडनाव काय" आणि मग "म्हणजे तुम्ही कोण". भाड्याची खोली शोधताना हे तीन प्रश्न मला याच क्रमाने किती दारात विचारले गेले ते मी मोजलेलं नाही. तिसऱ्या प्रश्नानंतर आवाज बदलतो. त्यामुळे कोणी प्रेमाने गाव विचारलं तरी माझं अंग आधी आखडतं. हे ज्यांनी भोगलं नाही त्यांना हा प्रश्न साधा वाटणारच.

सातारी कंदी
आठवडी बाजार, तुमचं खरं आहे, त्यावर वाद नाही. पण मी मस्जिद बंदरला वाढलो, वडील माथाडी, आमच्या तिकडे गाव विचारणं म्हणजे मदतीचा पहिला धागा होता. गाव कळलं की कोणत्या टोळीत लावायचं, रात्री कुठे झोपायचं, कोणाकडे जेवायचं हे ठरायचं. अण्णासाहेब पाटलांनी सगळ्यांना एकत्र केलं आणि १९६९ ला माथाडी कायदा आला, त्यामागेसुद्धा ही गाववाली नाती होतीच. म्हणजे प्रश्न तोच, पण विचारणारा कुठे उभा आहे यावर त्याचा अर्थ ठरतो. एकाच पाठीवर ओझं घेणाऱ्याने विचारलं तर वेगळं आणि खोलीच्या मालकाने विचारलं तर वेगळं.

आठवडी बाजार
हे पटलं. पण मुंबईत आता पहिल्या प्रकारचे विचारणारे कमी झालेत.

दर्यावर्दी
मी वेसाव्याची, आमच्या कोळीवाड्याला बाहेरचे वर्सोवा म्हणतात. आई मासळी विकते, मी शाळेत शिकवते. लोक आईशी भावावरून बोलतात, फोटो काढतात, "मावशी एक छान पोज द्या ना." तिला ते आवडत नाही. ज्यांना ती आपलं गिऱ्हाईक म्हणते ती माणसं वेगळी आहेत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दिवसांत धंदा थंडच. पण तिच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी पाच-सहा बायका त्या दोन महिन्यांतपण येतात, सुकट घ्यायला, सोडे म्हणजे सुकवलेली कोलंबी घ्यायला, आणि काही घ्यायचं नसलं तरी टोपलीपाशी टेकतात. त्यांना माहीत असतं की या दिवसांत घरात पैसा नसतो, जाळी विणायची असतात, बोट दुरुस्तीला काढलेली असते. नारळी पौर्णिमा झाली की पहिली चांगली मासळी त्या बायकांसाठी आई झाकून ठेवते, दुसऱ्याने जास्त पैसे दिले तरी देत नाही.

त्यांच्यातल्या एक गुजराती आहेत, मासे खात नाहीत! सुनेसाठी घ्यायला यायला लागल्या, आता त्यांनाच आईशी बोलल्याशिवाय चैन पडत नाही.

तिसरा मजला
दर्यावर्दी, सोडे खिचडीत घालायचे की वांग्यात?

दर्यावर्दी
दोन्हीत. पण आधी कोमट पाण्यात भिजवून नीट धुवून घ्या आणि खिचडीत घालणार असाल तर कांद्यावर परतून मगच तांदूळ. वांग्यात घालताना कोकम विसरू नका.

कढीपत्ता
आम्ही सुंगटां सुकी म्हणतो आणि त्यांची किसमूर करतो, खोबरं आणि कच्चा कांदा घालून. नवखी, धागा भरकटतोय, माफ कर, पण किसमूर हा विषयच तसा आहे.

चर्चगेटकर
डबेवाल्यांवर सगळं जग लिहितं, परदेशी पाहुणे येऊन बघून गेले, पण माझा अनुभव साधा आहे. मी नरिमन पॉइंटला होतो, घर विलेपार्ले. अकरा वर्षं आईच्या हातचा डबा एकाच माणसाने आणून दिला. पहिली चार वर्षं मी डबा घेऊन "थँक्यू" म्हणायचो आणि ते पुढे पळायचे, त्यांच्याकडे वेळ नसतोच. मग एकदा झाकणावरचं रंगाचं निशाण पुसट झालं होतं आणि ते लिफ्टपाशी उभे राहून ब्रशने नवीन काढत होते. मी विचारलं यातलं काय म्हणजे काय. त्यांनी दोन मिनिटांत समजावलं, उतरवायचं स्टेशन कुठलं, बिल्डिंग कुठली, मजला कितवा. शिकवताना माणूस किती वेगळा दिसतो. त्या दिवसापासून ते मला डब्यात काय असणार ते सांगायला लागले. "आज आईंनी डबा जड दिलाय, गोड असणार." डबा परत नेताना हलका लागला नाही तर घरी आईला विचारायचे, साहेबांनी जेवण टाकलं, बरं नाही का.

हे काम १८९० च्या सुमाराला महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलं आणि आजही त्यातले बहुतेक लोक मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागातले. चैत्रात गावोगावच्या जत्रा असतात तेव्हा चार-सहा दिवस डबे बंद. एका वर्षी त्यांनी आईला आणि मला राजगुरुनगरजवळच्या त्यांच्या गावाला जत्रेला बोलावलं, गेलो. तिथे ते पालखीचे मानकरी होते, फेटा बांधून, अख्खं गाव त्यांना हाक मारत होतं आणि मी त्यांच्या मागे मागे. मार्च २०२० ला लोकल बंद झाल्या आणि डबेपण. ते गावी शेतीवर गेले, परत आलेच नाहीत. दिवाळीला फोन असतो. बोलणं आईशी होतं, आई नुसती डब्यात काय केलं असतं ते सांगते.

फळवाल्याची गिऱ्हाईक
एक छोटं. हाक मारण्यावर. आमच्या फळवाल्यांना मी पंधरा वर्षं "भैया" म्हणायचे. एकदा माझ्या मुलीने सहज विचारलं, तुम्हाला काय म्हणू. ते म्हणाले "चाचा बोलो बेटा, भैया तो गाली जैसा हो गया है." पंधरा वर्षं मला कळलं नाही. आता घरातले सगळे चाचा म्हणतात.

पश्चिमेची
मला २६ जुलै २००५ चं लिहायचं होतं. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. मी बावीस वर्षांची, कलिन्याला अडकले. छातीएवढं पाणी. एका चाळीतल्या बाईंनी हात धरून आत ओढलं, त्यांच्या घरातपण पाणीच होतं पण वर पोटमाळा होता, तिथे आम्ही नऊ जण रात्रभर. त्यांनी मला त्यांची कोरडी साडी दिली. वरच्या फळीवर राहिलेली ती एकच कोरडी साडी होती हे मला सकाळी कळलं.

सगळे म्हणतात संकटात मुंबई एक होते. खरं आहे, पण मग पाणी ओसरतं. त्या रात्रीच्या बाकी सात जणांपैकी एकही मला पुन्हा भेटला नाही. मी पंधरा दिवसांनी साडी धुवून, मिठाई घेऊन गेले. बाईंनी ठेवून घेतली, चहा दिला, बोलायला दोघींकडे काहीच नव्हतं. मी निघाले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुला इंग्लिश येतं ना, पोराचा शाळेचा फॉर्म भरून देशील?" ओळख त्या फॉर्मवर झाली. मग रेशनकार्डात नाव घालायचं, मग मुलाची स्कॉलरशिप. आणि माझ्या डिलिव्हरीनंतर तीन महिने त्या रोज येऊन बाळाला मालीश करून गेल्या, पैशाचं नाव काढलं तर अंगावर ओरडल्या. त्यांनी मला वाचवलं म्हणून नातं झालं असं मला वाटत नाही. त्यांना माझ्याकडे काहीतरी मागता आलं, तेव्हा झालं.

मीटर डाऊन
पश्चिमेची, शेवटचं वाक्य वडिलांना फोनवर वाचून दाखवलं. म्हणाले, त्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजी त्यांच्याकडून रोज पेपर मागून न्यायच्या, स्वतःचा बंद केला होता. हे मला माहीत नव्हतं.

गिरणगावकर
नवखी, पुढे काय झालं? त्या बाईंचा पत्ता लागला का?

नवखी
लागला. दहा दिवस लिहिलं नाही कारण आधी जाऊन यायचं होतं.

मी शनिवारी साडेसहाला स्वतःचा कचरा घेऊन जिन्याने खाली गेले. बेसमेंटमधे कचरा वेगळा करायची जागा आहे हेच मला माहीत नव्हतं. त्या तिथेच होत्या. आजारी वगैरे काही नाही, कंत्राटदाराने त्यांना बी विंगला टाकलंय. मला बघून त्याच आधी म्हणाल्या, "एकोणीस-चार ना? बरं आहे का आता?" मला कळेना. तर म्हणाल्या, "जूनमधे औषधाच्या पट्ट्या लई निघत होत्या तुमच्या, आणि डब्यात नुसती बिस्किटाची पाकिटं. मला वाटलं ताईला कोणी करून घालणारं नाही."

जूनमधे मला डेंग्यू झाला होता. ऑफिसला मी फक्त ताप आहे म्हणून कळवलं होतं, आईला तर सांगितलंच नव्हतं. आणि या बाईंना सगळं माहीत होतं. मी इथे कोणाला ओळखत नाही म्हणून धागा काढला आणि मला तीन वर्षं ओळखणारं माणूस एकोणीस मजले खाली होतं.

बसायला तिथे काही नव्हतं, जिन्याच्या पायरीवर बसलो दोघी. मीटर डाऊन, तुमची आठवण आली. मी गाव विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं की आजी-आजोबा बहात्तरच्या दुष्काळात जालन्याकडून आले. "पण माझं गाव गोवंडीच, जन्म इथला, तुम्हीच बाहेरच्या" असं म्हणून हसल्या. नाव विचारलं, तेही सांगितलं, पण इथे लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही. जाताना म्हणाल्या, फुटलेली काच पेपरात गुंडाळून वर लाल पेनाने फुली मारत जा, सगळ्यांना सांगा. हात दाखवला, अंगठ्याजवळ सहा टाके. मी मजल्यावरच्या बाकीच्या चारही दारांवर स्वतः जाऊन सांगितलं. त्यातली तीन दारं मी पहिल्यांदाच वाजवली.

तिसरा मजला
आणि कोथिंबीर?

नवखी
एकोणीस-दोनवाल्या काकूंनी कोथिंबीर नाही, पण सोलकढी दिली :)

आठवडी बाजार
काचेचं आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकतोय. लाल फुलीचं पण.

सव्वासातची लोकल
नवखी, कुर्ल्यापर्यंत तरी ये आमच्याबरोबर, कॅब आठवड्यातून एक दिवस सोड. आमची स्लो कांजूरला पावणेआठच्या सुमारास येते, मधला लेडीज डबा, खिडकीपासून तिसरी सीट विक्रोळीला रिकामी होते, मी सांगून ठेवते. संक्रांतीला वाण म्हणून चहाची गाळणी नको हं, गेल्या वर्षी पाच जणींनी गाळणीच आणली होती.